पिवळ्या वायरीची करामत

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांनी ढेरपोट्या टीव्ही पाहिलाय? पुढून चौकोनी काच आणि मागे भलंमोठं पोट! भिंतीवर टांगायचं नावच नको. टेबलावर ऐसपैस बसणार, अंगावर क्रोशाचं कव्हर, डोक्यावर फुलदाणी. आमच्या टिटवाळ्याच्या घरात असा एक २१ इंची टीव्ही १९९८ साली आला. आणि गंमत म्हणजे, तो अजून चालतो!

"मग काय झालं? नवा घ्या की!" असं तुम्ही म्हणाल. माझी भाचीही हेच म्हणायची. ती सातवीत होती तेव्हा. सुट्टीत आली की तिची तक्रार ठरलेली, "मामा, यावर मॅच बघायची तर स्कोअरसुद्धा वाचता येत नाही!" तिचं काही खोटं नव्हतं. पण नवा टीव्ही आणण्याआधी एक काम उरकायचं होतं. ते काम होतं एका व्हिडिओ कॅसेटचं. ते काय, हे सांगतोच. पण त्याआधी या टीव्हीच्या पोटात आणि पाठीमागे जरा फेरफटका मारून येऊ.

पोटात असते काचेची एक मोठी नळी. तिच्या मागच्या निमुळत्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो. तो पडद्याच्या आतल्या लेपावर आदळला की तिथे उजेड पडतो. हा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली भराभर रेघा मारत जातो. आपल्याकडे चालणाऱ्या पद्धतीचं नाव 'पाल'. तिच्यात एका चित्राच्या ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं! तीही एका दमात नाहीत. आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या उरलेल्या. आपले डोळे इतके भोळे, की त्यांना सलग चित्रच दिसतं.

अमेरिकेत मात्र 'एनटीएससी' नावाची वेगळी पद्धत होती. तिथे रेघा ५२५ आणि चित्रं सेकंदाला जवळजवळ ३०. म्हणून तिकडच्या नातेवाइकांनी कौतुकाने पाठवलेली कॅसेट इथे लावली, की चित्र लोळायला लागायचं, नाहीतर रंगच गायब! यंत्रंही एकमेकांची भाषा कळली तरच बोलतात, हे मला तेव्हापासून ठाऊक.

आता पाठीमागे चला. तिथे दोन प्रकारची भोकं आहेत. एक अँटेनाचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून लोकांच्या घरात चित्र आलं ते याच वाटेने. दुसरी आहेत एव्हीची रंगीत भोकं. पिवळ्यात चित्र, पांढऱ्यात डावीकडचा आवाज, लाल भोकात उजवीकडचा. पिवळी वायर म्हणजे मोठी कष्टाळू बाई. चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेतून वाहून नेते.

आमच्या टीव्हीचं सगळं आयुष्य या पिवळ्या वायरीने तारून नेलं. १९९९ साली सेकंडहँड व्हीसीआर आला, तो पिवळ्या वायरीने जोडला. मग कॅसेट मागे पडल्या, व्हीसीडी प्लेअर आला. तोही पिवळ्या वायरीनेच. त्यानंतर डीव्हीडी आली. वायर तीच! पुढे केबल टीव्ही डिजिटल करायचं ठरलं. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही तारीख होती, तर पुढच्या टप्प्यातल्या शहरांसाठी ३१ मार्च २०१३. त्यात कल्याण-डोंबिवलीचंही नाव होतं. आमचं टिटवाळा याच महापालिकेत. आळीत एकच चर्चा, "आता जुने टीव्ही भंगारात!" पण सेट टॉप बॉक्स आला, तर त्याच्याही पाठीला पिवळं भोक! बॉक्सने डिजिटल भाषेचं भाषांतर करून टीव्हीला सांगितलं, नि आमचा ढेरपोट्या पुन्हा निवांत.

गाडी अडली ती एचडीएमआयपाशी. हल्लीच्या स्टिकला, गेमच्या यंत्राला, लॅपटॉपला हेच एक चपटं भोक असतं. त्यातून चित्र आकड्यांच्या रूपात धावतं. जुन्या टीव्हीला त्यातलं अक्षर कळत नाही. मग मध्ये बसवावा लागतो कन्व्हर्टर, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा.

हा डबा घ्यायला मी आणि भाची मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तूंसाठी हा रस्ता प्रसिद्ध आहे. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. दिसायला जुळे भाऊ! भाचीने वरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "मामा, एक एचडीएमआयकडून एव्हीकडे जातो, दुसरा एव्हीकडून एचडीएमआयकडे." दुकानदार खूश झाला. तुम्हाला सांगतो, हा फरक कल्याणसारखाच आहे. कल्याणपर्यंत सगळ्या गाड्या सारख्याच, पण पुढे कसाऱ्याच्या गाडीत बसून कर्जत येणार नाही! जुन्या टीव्हीवर नवं यंत्र लावायचं तर पहिला डबा, नव्या टीव्हीवर जुना व्हीसीआर लावायचा तर दुसरा.

घरी आल्यावर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या होत्या. डब्याला स्वतःची वीज लागते, म्हणून मोबाइलच्या चार्जरने ती द्यायची. आणि डब्यावरचं छोटं बटण 'पाल'वर ठेवायचं. ते केलं आणि चित्र झळकलं. पण पुसट! अक्षरं तर मुंगीएवढी. नव्या चित्राचा आकार सोळास नऊ, आमचा पडदा चारास तीन. त्यामुळे वर नि खाली काळ्या पट्ट्या.

भाचीने कागद घेतला आणि हिशोब मांडला. डीव्हीडीच्या चित्रात आडवे ७२० नि उभे ५७६ ठिपके. गुणाकार ४,१४,७२०. फोर-के टीव्हीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. भागाकार केला तर बरोबर २०! वीस चित्रांचा ऐवज एका चित्रात. "आता सांग मामा, वीस लोकांचा डबा एकट्याला कसा संपणार?" यावर मी काय बोलणार? नवा टीव्ही घ्यायचं पक्कं झालं.

आता त्या कॅसेटची गोष्ट.

१९९९ साली ताईचं लग्न टिटवाळ्यातच झालं. व्हिडिओवाला आला होता, खांद्यावर कॅमेरा आणि बरोबर डोळे दिपवणारा दिवा धरणारा मुलगा. तीन तासांची एक कॅसेट भरली. लग्नात एका ठिकाणी माझे बाबा कॅमेऱ्यापुढे येतात आणि बोलतात. बाबा २००४ साली गेले. त्यांचे फोटो घरात आहेत, पण त्यांचा आवाज फक्त त्या कॅसेटमध्ये होता. दुसरीकडे कुठेही नाही. भाचीने तर आजोबांना पाहिलंही नव्हतं.

व्हीसीआर बंद पडल्यावर कॅसेट माळ्यावर गेली होती. २६ जुलै २००५ च्या महापुरात आमच्या कल्याण परिसरात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हाही ती माळ्यावर कोरडी राहिली. पण आमचं गाव काळू नदीच्या काठचं. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी ओल लागते. आम्ही कॅसेट खाली काढली, तर खिडकीतून आतल्या रिळावर पांढरी भुकटी दिसली. बुरशी!

आई म्हणाली, "अरे, लावून तर बघ. दिसेल तेवढं दिसेल." पण तसं करायचं नसतं. व्हीसीआरच्या आत एक गुळगुळीत डमरू असतो. त्यावर चित्र वाचणारी बारीक हेडं असतात, आणि तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. बुरशी लागलेली फीत त्यावर धावली तर हेडं बुजतात, फीत ओरखडते, कधी तुटतेही. आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते ती वेगळीच.

मग शोध सुरू झाला. नवा व्हीसीआर मिळणं शक्यच नव्हतं. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात तोवर तीच एक उरली होती. शेवटी कल्याणमध्ये जुनी यंत्रं दुरुस्त करणारे एक काका सापडले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी आमच्या व्हीसीआरचा झिजलेला पट्टा बदलला, हेडं पुसली. मग कॅसेटचे पाच स्क्रू काढून ती उघडली. रीळ हाताने हळूहळू फिरवत, मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्यांनी फीत वीतभर वीतभर पुसत नेली. दोन दिवस लागले. "सगळं वाचेल असं सांगत नाही हं," ते म्हणाले. "आणि एकदाच चालवायची असं धरून चाला. त्या एका वेळेत काय ते उतरवून घ्या."

एकदाच! परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बेत केला. चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारा एक छोटा डबा मिळतो. व्हीसीआरची पिवळी, पांढरी आणि लाल वायर त्यात घातली, नि त्याची शेपटी यूएसबीत. आधी दुसऱ्याच एका बिनकामाच्या कॅसेटवर तालीम केली. चित्र येतंय, आवाज येतोय, कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेशी आहे, सगळं तपासलं. मग भाचीने विचारलं, "पण मामा, पिवळी वायर तर इकडे गेली. आजी कशावर बघणार?" इथे ढेरपोट्या धावून आला! व्हीसीआरच्या पाठीला अँटेनाची वायरही असते. तीच टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात घातली, चॅनेल जुळवला, आणि चित्र दोन्हीकडे दिसायला लागलं. जुना टीव्ही असल्याचा असा फायदा झाला.

अशी नक्कल करायला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. आम्ही सगळे सतरंजीवर बसलो. पहिली पाच मिनिटं नुसत्या रेघा. आईचा चेहरा उतरला. मग वाजंत्री ऐकू आली, चित्र थरथरलं आणि स्थिर झालं. गेलेल्या आत्या दिसल्या, पाडलेलं जुनं घर दिसलं. मधे दोन जागी चित्र पार फाटलं. भाची कॉम्प्युटरजवळून हललीसुद्धा नाही.

दुसरा तास संपता संपता पंगतीचा प्रसंग आला. घामाघूम झालेले बाबा कॅमेऱ्यापुढे आले आणि म्हणाले, "अहो, माझं काय शूटिंग करताय? दमलात तुम्ही. आधी चार घास खाऊन घ्या बघू! आणि त्या दिव्यावाल्या पोरालाही बसवा."

झालं, एवढंच. सात-आठ सेकंद. आई काही बोलली नाही, फक्त पदर डोळ्यांना लावला. भाची थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आजी, आजोबांचा आवाज आपल्या मामासारखाच आहे." मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण?

ती फाइल आम्ही तीन ठिकाणी ठेवली. एक कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर, एक ताईकडे ठाण्याला. मग पुढच्या पाडव्याला नवा टीव्ही आला. त्यावर लग्न लावलं, तेव्हा भाचीने चित्र ताणू दिलं नाही. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील, पण माणसं जाडी दिसता कामा नयेत, म्हणे!

ढेरपोट्या आता आतल्या खोलीत आहे, व्हीसीआरच्या सोबतीला. शेजारच्या दोन घरांतल्या कॅसेटी तिथेच उतरवल्या. तो कधीतरी बंद पडणारच. तेव्हा तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यायचा, उकिरड्यावर टाकायचा नाही. कारण त्याच्या काचेत शिसं असतं, ते माती-पाण्यात जाणं बरं नाही. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. असा टीव्ही तुम्ही कधीही उघडायचा नाही. आतल्या नळीला हजारो व्होल्ट लागतात, आणि प्लग काढल्यावरही तिच्यात झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते.

तर दोस्तांनो, नवी वस्तू घ्या, जरूर घ्या. पण घेण्याआधी जुनीच्या पाठीमागे एकदा डोकवा. कोणती भोकं आहेत, त्यांतून काय काय जोडता येतं ते बघा. आणि आजी-आजोबांना आजच विचारा, माळ्यावर एखादी कॅसेट आहे का? असली तर तशीच यंत्रात घालू नका. आधी खिडकीतून पाहा, पांढरं काही दिसतंय का ते. मग मोठ्यांना बरोबर घेऊन जाणकार माणूस शोधा. पुढचा पावसाळा यायच्या आत!