आल्प्सच्या वाटेवर आम्ही तिघे

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. हिरवीगार कुरणे, मागे बर्फाची शिखरे आणि त्या कुरणांतून गाणे म्हणत धावणारी नायक-नायिका! राज कपूरच्या ‘संगम’ने १९६४ साली या चित्राची पहिली रेघ ओढली आणि १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने त्यात पक्के रंग भरले. पुण्या-मुंबईहून सहलीला येणारी मंडळी तेच चित्र शोधत येतात. सकाळी आगगाडीत बसायचे, ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोख स्टेशनात उतरायचे, बर्फात फोटो काढायचे आणि दुपारच्या चहाला खाली परतायचे. त्यात वाईट काहीच नाही. १९१२ पासून ही गाडी आयगर शिखराच्या पोटातून बोगद्याने वर जाते आणि ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनाही हिमनदीचे दर्शन घडवते.

पण हा देश खरा पाहावा तो पायांनी. आमच्या बाबतीत हे पाय आठ होते. दोन यांचे, दोन माझे आणि चार मोत्याचे.

यांच्या नोकरीमुळे आम्ही बाझेलला राहायला आलो, त्याला बरीच वर्षे झाली. मोती आमच्या घरी आला तेव्हा तीन महिन्यांचा होता. काळा-पांढरा, मेंढपाळी जातीच्या मिश्रणाचा, दिसायला थोराड आणि मनाने भित्रा. शेजारच्या आजीबाई त्याला ‘मोटी’ म्हणतात. त्याचा अर्थ त्यांना सांगण्याचे धाडस आम्ही अजून केलेले नाही! गेल्या वर्षी मोती नऊ वर्षांचा झाला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “तब्येत उत्तम आहे, पण लांबचे डोंगर चढायचे असतील तर आता चढून घ्या.” त्या ‘आता’चा अर्थ आम्हाला कळला. जुलै संपता संपता आम्ही पाठपिशव्या भरल्या.

बेत पाच दिवसांचा होता. मायरिंगेनहून निघायचे, चार खिंडी ओलांडायच्या आणि कांडरश्टेगला उतरायचे. वाटेत ग्रिंडेलवाल्ड, लाउटरब्रुनेन, म्युरेन, ग्रीझआल्प ही गावे. चौथी खिंड होख्ट्युर्ली. उंची २,७७८ मीटर, या वाटेवरची सर्वांत उंच. सिंहगड-राजमाची करणाऱ्या माझ्यासारख्या पुणेकर मुलीने या खिंडीचे छायाचित्र एका कॅलेंडरवर पाहिले होते, आणि लग्नानंतर ते पान मी जपून ठेवले होते. थोडक्यात, मोत्याची सहल हे निमित्त. खिंडीचा हट्ट माझा!

“नवरा, बायको आणि कुत्रा डोंगर चढताहेत,” हे निघताना म्हणाले, “ही गोष्ट मी कुठेतरी ऐकली आहे.”

“त्या गोष्टीत द्रौपदी सर्वांत आधी पडते,” मी म्हटले. “तेव्हा मी आपली मागून येते.”

मायरिंगेनच्या डोक्यावरच रायखेनबाखचा धबधबा आहे. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला याच धबधब्यावर प्रोफेसर मोरियार्टीशी झुंजायला लावले आणि वाचकांना रडवले. गावात होम्सचा पुतळा आहे, संग्रहालयही आहे. जो माणूस जन्मालाच आला नाही त्याच्या मृत्यूची जागा लोक श्रद्धेने पाहतात. आम्हीही पाहिली. मग देवदारांसारख्या झाडांच्या सावलीतून, व्हेटरहॉर्न शिखराच्या उभ्या भिंतीखालून १,९६२ मीटरवरच्या ग्रोसे शायडेगला पोहोचलो आणि पलीकडे ग्रिंडेलवाल्डला उतरलो.

इथल्या वाटांची व्यवस्था पाहून आपल्याला हेवा वाटतो. प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी. तिच्यावर अंतर किती हे लिहिलेले नसते, वेळ किती लागेल हे लिहिलेले असते. डोंगरात मैल मोजून काय उपयोग? अवघड वाट असेल तर खडकांवर पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा रंगवलेला असतो. मात्र पाटीवरच्या वेळेत बसायची सवलत नाही. ज्याला थांबून पाणी प्यायचे आहे, फुले पाहायची आहेत, किंवा प्रत्येक खांबाचा वास घ्यायचा आहे, त्याने आपला हिशेब वेगळा मांडावा. पहिल्याच दिवशी आम्ही पाटीच्या वेळेला मोत्याची वेळ जोडायला शिकलो.

दुसऱ्या दिवशी क्लाइने शायडेगची २,०६१ मीटरची चढण आयगरच्या उत्तर कड्याच्या पायथ्याने चढलो. हा कडा जवळजवळ १,८०० मीटर उंच आहे. १९३८ च्या जुलैत दोन जर्मन आणि दोन ऑस्ट्रियन गिर्यारोहकांनी तो प्रथम सर केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधी दोन वर्षे, १९३६ मध्ये, असेच चौघे वर गेले होते. त्यांतल्या एकाला दगड लागला. जखमी सोबत्याला घेऊन बाकीचे तिघे मागे फिरले. पण एका गुळगुळीत कातळावरून आडवे जाताना त्यांनी आपला दोर काढून घेतला होता, त्यामुळे परतीची वाट बंद झाली होती. चौघेही गेले. हे मला ती कथा सांगत असताना मोती कड्याकडे पाठ करून एका फुलपाखराकडे टक लावून बसला होता.

लाउटरब्रुनेनची दरी म्हणजे निसर्गाने कुऱ्हाडीने घातलेला घावच. दोन्ही बाजूंना ताठ भिंती आणि त्यांवरून कोसळणारे पाणी. ही ७२ धबधब्यांची दरी, असे इथे सांगतात. श्टाउबबाखचा धबधबा तर सुमारे ३०० मीटरांवरून सुटतो आणि खाली येईपर्यंत त्याचे तुषारच उरतात. महाकवी गटेने १७७९ साली तो पाहिला आणि त्यावरून माणसाचा आत्मा पाण्यासारखा आहे, या कल्पनेची कविता लिहिली. मोत्याने त्याच पाण्यात पाय बुडवले आणि सगळ्यांच्या अंगावर झटकले.

तिसऱ्या दिवशी म्युरेन. मोटारीचा रस्ताच नसलेले, कड्याच्या काठावर बसलेले गाव. समोर आयगर, म्योन्ख आणि युंगफ्राऊ एका रांगेत. गावापुढच्या कुरणात गाई चरत होत्या, गळ्यांत मोठ्या घंटा. आपल्याला वाटते, गाय म्हणजे गरीब. पण कुरणाच्या फाटकावर पाटी होती : वासरे असलेल्या गाईंपासून दूर राहा. गाईच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊच! म्हणून नियम असा की कुत्र्याला दोरीने जवळ ठेवावे, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नये, आणि गाय अंगावर आलीच तर दोरी सोडून द्यावी. कुत्रा पळून सुटतो. त्याला धरून ठेवणारा माणूस मात्र सापडतो. आम्ही लांबचा वळसा घेतला. गाईंनी माना वळवून आमच्याकडे पाहिले, आणि आमचा शूर मोती माझ्या परकराआड लपावे तसा पाठपिशवीआड लपला.

त्या रात्री २,०३९ मीटरवरच्या रोटश्टॉक कुटीत मुक्काम होता. डोंगरातल्या या कुट्यांतून सर्वांनी एकाच लांब खोलीत ओळीने झोपायचे. दारातच बूट काढायचे, घरातल्या सपाता घालायच्या. कुत्र्याला आत घेतील की नाही हे प्रत्येक ठिकाणी आधी फोन करून विचारावे लागते. मोत्याची सोय सरपणाच्या खोलीत झाली. ती १ ऑगस्टची रात्र होती. स्विस लोकांचा राष्ट्रीय दिन. अंधार पडल्यावर समोरच्या डोंगराच्या खांद्यावर एक शेकोटी पेटली, मग दूर आणखी एक. जुन्या रिवाजाप्रमाणे या दिवशी डोंगरमाथ्यांवर आग पेटवतात. दूरच्या अंधारातले ते दोन ठिपके पाहून मला आमच्या वाड्यातल्या पणत्या आठवल्या. खाली गावांत फटाके उडत असतील. वर त्यांचा आवाज नव्हता. मोत्याच्या दृष्टीने ही खरी दिवाळी!

चौथा दिवस सेफिनेनफुर्गेचा. उंची २,६१२ मीटर. शेवटचा टप्पा काळ्या, ठिसूळ पाटीच्या दगडांचा. पाऊल टाकले की अर्धे मागे घसरायचे. माथ्यावर पोहोचलो तेव्हा गार वारा होता आणि जगात आमच्याशिवाय कुणी नव्हते. पलीकडच्या उतारावर लाकडी पायऱ्या ठोकलेल्या आणि धरायला तारेचा दोर. माणसाला पायरी म्हणजे सोय, कुत्र्याला पायरी म्हणजे कोडे. हे पुढे, मोती मध्ये, मी मागे, असे आम्ही एकेक पायरी उतरलो. मोती प्रत्येक पायरीवर थांबून यांच्या तोंडाकडे पाही. हे म्हणत, “ये रे.” मग तो पुढचा पाय टाकी. अशा किती वेळा ‘ये रे’ झाले कोण जाणे! तिथून ग्रीझआल्पपर्यंत १,२०० मीटर उतार. खाली पोहोचेपर्यंत मोती उजवा पुढचा पाय उचलून धरू लागला होता. दगडाच्या धारेने तळव्याची गादी चिरली होती.

आम्ही जखम धुतली, मलम लावले, वर यांचा मोजा बांधला. मोती जेवला, शेपूट हलवली आणि झोपला. आम्ही दोघे मात्र जागे राहिलो.

“तू जा,” हे म्हणाले. “पहाटे निघ. मी याला घेऊन बसने कांडरश्टेगला येतो. संध्याकाळी भेटू.”

बेत सोपा होता. हवा स्वच्छ होती, वाटेवर इतर चढणारेही होते. मी नकाशा उघडून बसले. ग्रीझआल्प १,४०८ मीटर, होख्ट्युर्ली २,७७८. तेराशे सत्तर मीटरांची चढण, पाय शाबूत. ते कॅलेंडरचे पानही घडी करून पिशवीत आणलेले होते.

“आणि सगळेच बसने गेलो तर?” मी विचारले.

“तर पुढच्या वर्षी येऊ.”

“मोती दहा वर्षांचा असेल.”

हे काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही दोघे खिंड चढू, यात शंका नव्हती. पण मध्ये कुणी पायरीपायरीवर थांबून तोंडाकडे पाहणारे असेल का, हा खरा प्रश्न होता. तिघांची शेवटची मोठी वाट उद्या संपणार असेल तर तिचा शेवटचा दिवस मला एकटीने चालायचा नव्हता. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने दुसऱ्यांनी निर्णय घ्यायचा असतो. धर्मराजाला स्वर्गाच्या दारात तो घ्यावा लागला. आम्हाला बसच्या थांब्यावर घ्यायचा होता, इतकेच. मी नकाशाची घडी घातली. “माझ्यासाठी तिकीट काढा,” म्हटले.

ग्रीझआल्पची टपालबस हा स्वतंत्र पराक्रमच आहे. २८ टक्के चढाचा हा रस्ता युरोपातल्या टपालबसच्या मार्गांत सर्वांत उभा समजला जातो. वळणे इतकी निरुंद की ड्रायव्हरसाहेब खिडकीबाहेर डोकावून चाके पाहत होते. मोती माझ्या पायांवर डोके टेकून बसला होता. खिंड चढून जितकी छाती धडधडली असती तितकी ती उतरताना बसमध्येच धडधडली!

दुसऱ्या दिवशी कांडरश्टेगहून पाळण्यात बसून ओशिनेन तळ्यावर गेलो. १,५७८ मीटरवरचे, बर्फाच्या पाण्याने भरलेले, निळ्या-हिरव्या रंगाचे तळे. होख्ट्युर्लीहून उतरणारी वाट याच काठाला येऊन मिळते. तिथल्या पिवळ्या पाटीवर खिंडीचे नाव वाचले. वरून एक जोडपे धुळीने माखून, हसत, दमून आले. मला हेवा वाटला, खोटे कशाला सांगू! पण मोत्याने दुखरा पाय थंड पाण्यात बुडवला आणि किती तरी वेळ तसाच उभा राहिला. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो.

परतताना बर्नला उतरलो. तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयात बॅरी आहे. ग्रेट सेंट बर्नार्डच्या २,४६९ मीटर उंच खिंडीतल्या मठाचा हा कुत्रा १८०० साली जन्मला, त्याच वर्षी नेपोलियन त्या खिंडीतून गेला. बर्फात सापडलेले चाळीसहून अधिक जीव त्याने वाचवले, असे सांगतात. गळ्यातले दारूचे पिंप ही दंतकथा. एक्केचाळिसाव्या माणसाने लांडगा समजून त्याला मारले, हीही दंतकथाच. खरी गोष्ट साधी आहे. तो म्हातारा झाला तेव्हा, १८१२ मध्ये, मठातल्या लोकांनी त्याला डोंगरावरून खाली बर्नला आणले. दोन वर्षे तो इथे आरामात राहिला आणि १८१४ मध्ये गेला. वर त्याची कीर्ती होती, काम होते. तरी कुणीतरी म्हटले असेल, “आता पुरे, याला खाली नेऊ या.”

आम्ही आळीपाळीने आत गेलो, कारण मोत्याजवळ एकाने बाहेर थांबणे भाग होते. मी परत आले तेव्हा हे पायरीवर बसून त्याच्या तळव्याची पट्टी बदलत होते. मग स्टेशनवर जाऊन यांनी बाझेलची तिकिटे काढली. या देशात मोठ्या कुत्र्यालाही रेल्वेचे तिकीट लागते.

दोन पूर्ण आणि एक अर्धे.