मोड बदलला की तुझा आवाज का बदलतो?

प्रिय सिंथेसायझर,

भावगीतांच्या कार्यक्रमात तुझ्यापुढे बसणारा माणूस एकटाच तीन-चार वादकांचं काम करत असतो. डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, उजव्या हाताला बासरी, कडव्याआधी सतारीचा छोटा तुकडा, शेवटी ऑर्गन. हे सगळं एकाच वेळी हाताशी असावं म्हणून तो एकेकटा टोन वाजवायचा प्रोग्रॅम मोड सोडून अनेक टोन एकत्र वाजवायच्या कॉम्बिनेशन मोडमध्ये जातो. आणि तिथे गेल्याबरोबर घरी घोटून तयार केलेली बासरी कोरडीठाक वाजायला लागते. टोनचा नंबर तोच, पट्टी तीच, बोटं तीच, पण सुरामागची खोली नाहीशी झालेली असते.

मग वादक मिक्सरवाल्याकडे बघतो, मिक्सरवाला वादकाकडे. एखादा नवीन मुलगा तर आपलाच हात बसला नाही असं समजून घरी जातो. हे मला फार लागतं. दोष त्याचा नसतो, मिक्सरवाल्याचाही नसतो. तुझी आतली बांधणीच तशी आहे. मात्र ती कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र तुला, पण चारचौघांसमोर.

ज्याला आम्ही टोन म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे मूळ नाद: सॅम्पल, फिल्टर, एन्व्हलप. दुसरी त्यावर चढवलेली इफेक्टची पुटं: रिव्हर्ब, डिले, कोरस. प्रोग्रॅम मोडमध्ये या दोन्ही एकत्र साठवलेल्या असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो एकजीव आवाज वाटतो. कॉम्बिनेशनमध्ये मात्र तू फक्त पहिली गोष्ट घेऊन येतोस. इफेक्ट तिथे कॉम्बिनेशनचे स्वतःचे असतात. १९८८ साली आलेल्या कॉर्ग एम-वनपासून हेच चालत आलं आहे. आणि कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच टोनचा निम्मा रुबाब इफेक्टवरच उभा असल्याने तो उतरला की टोन ओळखू येत नाही.

त्या काळी याला सबळ कारण होतं, हे मी मान्य करतो. इफेक्टचं गणित करणारी चिप महाग होती. कॉर्गच्याच १९९९ सालच्या ट्रायटनमध्ये आवाजाच्या वाटेत बसवायचे पाच इन्सर्ट इफेक्ट आणि सगळ्यांना सामाईक असे दोन मास्टर इफेक्ट मिळाले. एकटा प्रोग्रॅम वाजत असेल तर ते सगळे त्याच्या दिमतीला. कॉम्बिनेशनमध्ये मात्र आठ टिंबर, म्हणजे एकेक टोन बसवायच्या आठ जागा, आणि इन्सर्ट तेच पाच, म्हणजे वाड्यातला सामाईक नळ. रोलंडच्या १९९४ सालच्या जेव्ही-१०८० मध्ये तर पॅच मोडमध्ये प्रत्येक पॅचला (तिथला प्रोग्रॅम म्हणजे पॅच) आपला मोठा इफेक्ट मिळायचा आणि परफॉर्मन्समध्ये, म्हणजे तिथल्या कॉम्बिनेशनमध्ये, सोळा पार्ट असूनही तो इफेक्ट एकच. तो परफॉर्मन्सचा स्वतःचा घ्यायचा की एखाद्या पार्टच्या पॅचमधून उचलायचा, एवढंच ठरवता यायचं. कुणा एकाला न्याय दिला की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

तरी जे उपलब्ध होतं तेही वापरता येत नाही, हे दुःख मोठं आहे. ट्रायटनवरची ती बासरीच घे. कॉम्बिनेशनमध्ये पहिल्या टिंबरला तिचा नंबर दिला. मग इफेक्टच्या पानावर जाऊन ‘कॉपी इन्सर्ट इफेक्ट’ या आज्ञेने मूळ प्रोग्रॅमचा डिले इथल्या पहिल्या जागेवर आणला. एवढ्यावर काहीच फरक ऐकू येत नाही, कारण टिंबरचा बस, म्हणजे त्याच्या आवाजाची वाट, अजून थेट बाहेर जातो आहे. तो पहिल्या इन्सर्टकडे वळवला. डिले आला, पण आता रिव्हर्ब गेला! कारण बस थेट बाहेर जात असताना रिव्हर्बचं प्रमाण टिंबरच्या सेंडवर, म्हणजे मास्टर इफेक्टकडे किती आवाज पाठवायचा त्या आकड्यावर, ठरतं आणि इन्सर्टमधून वळवला की ते प्रमाण इन्सर्टच्या पानावरच्या वेगळ्या सेंडवर जातं. तिथला आकडा शून्य असेल तर टिंबरचा सेंड कितीही वाढवा, फरक पडत नाही. तो दुसरा आकडा वाढवला की बासरी पुन्हा आपल्या अंगणात येते. शेवटी मास्टर इफेक्टमध्ये प्रोग्रॅममधलाच रिव्हर्ब आहे ना, की दुसऱ्याच कसल्या हॉलचा, तेवढं पाहायचं.

ऑर्गनची गोष्ट याहून नाजूक. त्यावरच्या रोटरी स्पीकरचा वेग जॉयस्टिकने हळूचा जलद करायचा आणि त्या वेग बदलण्यातच सगळी गंमत. कॉम्बिनेशनमध्ये इफेक्टही आला, बसही बरोबर, तरी जॉयस्टिक ढकलल्यावर वेग ढिम्म हलत नाही. कारण तिथे प्रत्येक इन्सर्टला आपला कंट्रोल चॅनेल असतो. ऑर्गन वाजतोय एका मिडी चॅनेलवर आणि इफेक्ट कान देऊन बसलाय दुसऱ्याच चॅनेलकडे. दोन्ही जुळवले की रोटरीचा वेग लगेच बदलायला लागतो. चांगली चांगली माणसं इथे हार मानून ऑर्गनसाठी दुसरा कीबोर्ड आणताना मी पाहिली आहेत.

आणखी एक सवय तुझी. कॉम्बिनेशन टोनची प्रत ठेवत नाही, फक्त नंबर लक्षात ठेवते. लावणीसाठी कुणी मूळ ब्रासचा फिल्टर जरा उघडून तिथेच राइट केला, की तो ब्रास ज्या ज्या कॉम्बिनेशनमध्ये आहे तिथे तिथे तो उघडाच वाजणार, अगदी अभंगाच्या शांत सुरुवातीलासुद्धा. म्हणून टोनला हात लावायचा तर आधी त्याची प्रत रिकाम्या जागी ठेवायची, हा नियम मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

त्याच्या जोडीला दुसरं एक सांगतो, आणि यावर माझं मत ठाम आहे: ज्या मोडमध्ये स्टेजवर वाजवायचं, त्याच मोडमध्ये टोन बांधायचा. प्रोग्रॅम मोडमध्ये एकेकटा सजवून नंतर एकत्र आणायचा हट्ट धरू नये. एकट्या बासरीला शोभणारा लांब रिव्हर्ब स्ट्रिंग्जच्या जोडीला नुसता गाळ होतो. आठही टिंबरना एकच रिव्हर्ब मिळतो याची तक्रार मला कधीच पटली नाही. एका सभागृहात बसलेल्या वादकांना भिंती एकच असतात. सेंड कमी-जास्त करून कुणाला पुढे, कुणाला मागे बसवायचं, एवढं आपल्या हातात असलं की पुष्कळ झालं. इन्सर्टच्या जागा ज्याला खरोखर हव्यात त्यालाच द्याव्यात: ऑर्गनचा रोटरी, गिटारचं डिस्टॉर्शन, इलेक्ट्रिक पियानोचा फेजर. स्ट्रिंग्जना त्याची गरज नसते.

तुझी नवी भावंडं बरीच सुधारली आहेत, हे मला दिसतं. कॉर्गच्या २०११ च्या क्रोनॉसमध्ये सोळा टिंबरना बारा इन्सर्ट मिळाले, आणि आवाज बदलताना आधीच्या सुराची शेपटी तुटणं थांबलं. २०१६ मध्ये यामाहाने माँटाज आणला तेव्हा एकट्या टोनचा वेगळा मोडच काढून टाकला. तिथे जे काही आहे ते परफॉर्मन्सच. एक पार्ट असो की आठ, प्रत्येक जण आपले इन्सर्ट इफेक्ट बरोबर घेऊन येतो. मला तोच मार्ग योग्य वाटतो. मोड ही तुझ्या कारखान्याची सोय होती, वाजवणाऱ्याची कधीच नव्हती.

पण गावोगावच्या स्टेजवर अजून जुनीच यंत्रं उभी आहेत, आणि ती अनेक वर्षं उभी राहतील. नवीन घेणं प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून माझं मागणं साधं आहे. नव्या यंत्रात कुठेही मोड शिल्लक ठेवणार असशील, तर टोन एका मोडमधून दुसरीकडे नेताना इफेक्टसकट न्यायचा का, हे तिथल्या तिथे विचार. जागा पुरत नसेल तर कोणता इफेक्ट मागे राहिला ते पडद्यावर नावानिशी दाखव. आणि तुझ्या पुस्तिकेत बस, सेंड आणि कंट्रोल चॅनेल ही तीन लांब लांबची पानं एकत्र आणून एक बासरी प्रोग्रॅममधून कॉम्बिनेशनमध्ये जशीच्या तशी कशी न्यायची, हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिही. आज ते एकमेकांना फोनवर विचारून, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री शिकावं लागतं.

तुझा,
एक कीबोर्डवादक