क्लासला भोंगा नसतो

क्लास चालवणाऱ्या माणसाचं आधी काय जातं, असं कुणी विचारलं तर मी झोप किंवा पाठ सांगणार नाही. आवाज सांगेन. सोलापूरच्या पूर्व भागात तर नक्कीच. इथे भिंतीपलीकडे यंत्रमाग असतो. टॉवेल नाहीतर चादरी विणत तो दिवसभर खडखडतो, आणि इथल्या माणसांना ती खडखड ऐकूसुद्धा येत नाही, इतकी अंगवळणी पडलेली. पण तिच्यावरून चाळीस पोरांना समरूप त्रिकोण शिकवायचे तर घसा ताणावाच लागतो. मेमध्ये दहावीची सुट्टीतली बॅच असते, पारा बेचाळीसच्या वर असतो, आणि वर कूलरची घरघर. कूलर बंद केला तर पोरं वितळतात, चालू ठेवला तर शेवटच्या ओळीला मी नुसती ओठ हलवताना दिसते.

अशाच एका मेअखेरीस माझा आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंवर बारीक गाठी. शिक्षकांना, गायकांना, फेरीवाल्यांना होतात, म्हणाले. दोन आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही.

बोलता येत नसलं की माणूस हिशोब करतो. मी वही घेतली. चार बॅचेस, प्रत्येकी दीड तास, सहा दिवस: छत्तीस तास. रविवारी टेस्ट, चार तास. एकशे दहा मुलांचे पेपर, पाच-पाच मिनिटं धरली तरी नऊ तास. तयारीचे नऊ. पालकांचे फोन आणि मेसेज रोज तासभर, म्हणजे सात. बेरीज पासष्ट. घरचा स्वयंपाक यात धरलेला नाही. तो कुणीच धरत नाही.

१९४८च्या कारखाना कायद्यात प्रौढ कामगारासाठी आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती आणि एक सुट्टी. सोलापूर हे गिरण्यांचं गाव. १८७७मध्ये इथली जुनी गिरणी सुरू झाली, मग एकामागोमाग एक बाकीच्या. गिरण्या गेल्या, पण भोंग्याची आठवण म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. भोंगा वाजला की पाळी सुटली, विषय संपला. त्या आयुष्याला मी सोन्याचा मुलामा देणार नाही, गिरणीत कापसाची धूळ छातीत जायची. पण काम कुठे संपतं हे तिथे कुणीतरी दुसरं सांगायचं. क्लासला भोंगा नसतो. रात्री साडेअकराला मोबाइल वाजतो: ‘मॅडम उद्या क्लास आहे का?’

मौनाच्या त्या दिवसांत एका विद्यार्थिनीची आई भेटायला आली. ती घरी बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली तेंदूची पानं. कारखान्यात नेऊन दिल्या की मोजणी होते, वाईट निघतील त्या बाद, आणि मजुरी हजारावर. मी वहीतला हिशोब तिच्यापुढे सरकवला. तिला मराठी वाचता येत नाही, घरात तेलुगू. मुलीने वाचून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, “मग तुम्ही बी हजारावरच की ओ मॅडम.”

तिचं बरोबर होतं. मी स्वतःला इतकी वर्षं व्यावसायिक समजत होते, पण माझी कमाई डोक्यागणिक होती. जास्त हवं असेल तर आणखी एक डोकं, आणखी एक बॅच. बिडीवालीला निदान बोटं थांबली की कळतं.

बर्नआउट हा शब्द आता रील्समध्ये कुणीही वापरतं. तो वैद्यकीय चर्चेत आणला न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४मध्ये. एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांवरून त्याने ते लिहिलं, आणि त्याचं निरीक्षण असं की सर्वांत जास्त झोकून देणारीच माणसं आधी जळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये त्याची तीन लक्षणं नोंदवली: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. थकवा मला ओळखीचा होता. दुसऱ्या लक्षणापाशी मी थबकले. त्या वर्षी फेब्रुवारीत एका मुलाने तिसऱ्यांदा तीच शंका विचारली, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की हा उद्या आला नाही तर बरं. कामाचा ताण म्हणतात तो मला त्या एका वाक्यात दिसला.

यूट्यूबवर क्लासवाल्यांसाठी सल्ल्यांचा महापूर आहे. सूर एकच: सिस्टीम बनवा, शिक्षक नेमा, स्वतः शिकवणं सोडा, शाखा वाढवा. कोटा किंवा लातूरमध्ये ते चालत असेल. आमच्या गल्लीत पालक ब्रँडकडे येत नाहीत, मॅडमकडे येतात. मी शिकवणं सोडलं तर उरेल काय? खोली, फळा आणि कूलर.

मग जे बदललं ते असं. चारच्या तीन बॅचेस, प्रत्येकी पंचवीस. फी सातशेची नऊशे, पाच तारखेच्या आत. आधी एकशे दहा मुलांचे कागदावर सत्त्याहत्तर हजार होत, हातात पासष्ट पडत. मार्चमध्ये बोर्डाचा पेपर संपला की शेवटचा हप्ता मुलाबरोबरच गायब. आता प्रत्येक बॅचमध्ये पाच जागा निम्म्या फीच्या. साठ गुणिले नऊशे, अधिक पंधरा गुणिले साडेचारशे: साठ हजार सातशे पन्नास. महिन्याला चारेक हजारांचा खड्डा. तो मी विश्रांतीचं भाडं म्हणून धरते.

कमरेला बांधायचा छोटा माईक घेतला. पहिल्या दिवशी पोरं हसली, ‘मॅडम कीर्तन करालेत’ म्हणाली. चौथ्या दिवशी विसरली.

भूमितीच्या रचना मी तीनदा तीन बॅचेसना फळ्यावर काढायचे. आता एकदा मोबाइलवर चित्रीकरण आणि वहीत क्यूआर कोड. ही कल्पना आमच्याच जिल्ह्यातली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज मिळवला. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली, ते तर सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातून मिळाले आठवड्याचे दीड तास.

वेळापत्रक मी गावाच्या तालाला बांधलं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ: त्या दिवशी वर्ग नाही. आधी मी वर्ग ठेवायचे, आठ मुलं यायची, आणि तोच धडा पुन्हा घ्यावा लागायचा. नळाचंही तसंच. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे तीनला. त्या सकाळी साडेसहाच्या बॅचला कोण येणार? ती बॅचच काढून टाकली.

फोनचं मात्र सरळ नव्हतं. ग्रुपवर फक्त अॅडमिनने लिहायचं, असा सल्ला सगळे देतात. पण आमच्या कितीतरी आया लिहीतच नाहीत. तेलुगू-मराठी मिसळून आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. तो रस्ता बंद केला तर शाळेशी, अभ्यासाशी त्यांचा उरलेला धागाच तुटतो. म्हणून संध्याकाळी सहा ते सात हा तास त्यांच्या आवाजांचा. सातनंतर फोन दुसऱ्या खोलीत.

आणि रविवार बंद. जानेवारी २०२४मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही आठवड्याची सुट्टी हवी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको, असं त्यात आहे. वाचून बरं वाटलं. त्याच सूचनांमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, दहावीनंतरच घ्या, असं आहे. म्हणजे मला रविवार देणारा कागद माझा अख्खा क्लासच बंद करायला सांगतो! अंमल राज्यांनी करायचा आहे आणि व्याख्या पन्नासच्या वर विद्यार्थी असलेल्यांसाठीची. मी पंच्याहत्तरवर आहे. ज्या घरात आईवडील तिसरी-चौथीपुढे शिकलेले नाहीत, तिथे दहावीचं बीजगणित कुणी समजावायचं, हे त्या कागदात मला सापडलं नाही.

सगळ्यात जड गेले ते पस्तीस. एकशे दहा वजा पंच्याहत्तर. जूनमध्ये दारात उभ्या असलेल्या बाईला ‘जागा नाही’ म्हणायचं, आणि आत पंचविसाव्या मुलाशेजारी सतरंजीवर दोन मुलांपुरती जागा तिलाही दिसत असते. “बसेल की कोपऱ्यात,” ती म्हणते. जागा सतरंजीवर नसते, माझ्यात नसते; हे तिला कसं सांगणार? मी यादी ठेवते. कुणी सोडलं की फोन करते. यंदा यादीतल्या अकरा जणांना जागा मिळाली.

त्यातच आता कुंभारी. अक्कलकोट रस्त्याला रे नगरमध्ये कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहते आहे. पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. माझ्या गल्लीतली कुटुंबं तिकडे निघाली. स्वतःचं पक्कं घर, त्याचा आनंद मोठा. पण मुलं संध्याकाळी इकडे येणार कशी? चार आया मिळून आल्या होत्या. “लई लांब पडतंय ओ मॅडम, तिकडं बी काढा की क्लास.” एकीने घरातली पुढची खोली देऊ केली, भाडं नको म्हणाली.

माझी जुनी विद्यार्थिनी आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, आठवीचं गणित छान घेते. तिला पगार देऊन तिथे आठवड्यातून तीन दिवस बसवता येईल का, हे वहीत मांडते आहे. अजून बेरीज जुळलेली नाही. खोली बघायला रविवारी या, असं त्या म्हणाल्या होत्या. मी शनिवारी दुपारी येते म्हणून कळवलं.