मैलाचा दगड

वाटेच्या कडेला उभा असलेला दगड स्वतः एक पाऊलही चालत नाही. तरी आपण कोठवर आलो, हे वाटसरूला त्याच्याकडे पाहूनच समजते. म्हणूनच इंग्रजी भाषेने प्रगतीच्या महत्त्वाच्या टप्प्यास ‘माइलस्टोन’ म्हटले आणि मराठीने तोच शब्दप्रयोग ‘मैलाचा दगड’ या रूपाने आपलासा केला. मैल म्हणजे मुळात रोमन लोकांची हजार दुहेरी पावले. 1956 च्या कायद्याने भारताने मेट्रिक मापे स्वीकारली आणि पुढे रस्त्यांवरील दगडांवर किलोमीटर आले. भाषेत मात्र मैल टिकून राहिला.

मंगळवेढ्याहून पंढरपूरकडे मी हिवाळ्यात अनेकदा गेलो आहे. दोन्ही बाजूंस काळ्या रानात शाळूची ताटे डुलत असतात आणि दगडागणिक पंढरपूर जवळ येत जाते. सुमारे 25 किलोमीटरांची ही वाट! तेथे मला संत चोखामेळा आठवतात. मंगळवेढ्यास राहणारे हे विठ्ठलभक्त पंढरीस जात. परंतु त्या काळच्या अस्पृश्यतेमुळे त्यांना मंदिरात पाऊल टाकता येत नसे. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते.

समाधीपासून देवाचा गाभारा हाकेच्या अंतरावर आहे. पण तेवढे अंतर ओलांडण्यास समाजाला 609 वर्षे लागली! 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि त्याच वर्षी ते द्वार सर्वांसाठी उघडले.

या घटनेस मैलाचा दगड म्हणणे सर्वस्वी यथार्थ होय. एरवी हा शब्दप्रयोग जपून वापरावा. प्रत्येक बक्षीस किंवा प्रत्येक समारंभ म्हणजे मैलाचा दगड नव्हे. ज्या घटनेने पुढची वाट मोकळी होते, तिलाच हे नाव शोभते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दगडावरील आकडा चाललेल्या वाटेचा नसतो, तो उरलेल्या वाटेचा असतो. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले, हा त्याच वाटेवरील पुढचा दगड. परंतु मनामनांतील भेद मिटेपर्यंत मुक्काम आला असे म्हणता येणार नाही. म्हणून दगडापाशी क्षणभर थांबावे, आकडा वाचावा आणि चालू लागावे.