तांबडी खूण

कचेरीत केस पिकलेल्या माणसाचा खुणांवर मोठा विश्वास असतो. तांबडी चिठ्ठी लावलेली फाईल तातडीची, लाखेची मोहोर असलेला लखोटा गोपनीय. खूण दिसली की पुढचा विचार करण्याचे श्रम वाचतात. हा विश्वास गाठीशी बांधूनच मी बदलीवर बंगळूरास आलो आणि येथील एका रुग्णालयाचा कारभार माझ्याकडे आला. २०१६ साली मी तेथे चार ओळींचा एक आदेश काढला. एचआयव्हीची बाधा असलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर, उजव्या कोपऱ्यात, तांबड्या शाईने वर्तुळ काढावे, असा तो आदेश होता. कर्मचाऱ्यांना रक्ताची भीती वाटत होती. त्यांची ही सोय आपण केली, याचे मला समाधानही वाटले होते.

पुढे एकदा वॉर्डातून जात असता कानांवर मराठी शब्द आले. परमुलुखात आपली भाषा कानी पडली की पाऊल आपोआप थबकते. निपाणीकडची एक बाई खाटेवर बसली होती. जेवण वाढणाऱ्याने तिचे ताट पायाने पुढे सरकविले होते. मी मराठीत विचारपूस करताच तिचा चेहरा उजळला आणि तिने हातातला कागद पुढे केला. "सायब, माज्याच कागदावर ही तांबडी खूण कशापायी?"

"नियम आहे, बाई," मी म्हणालो.

तो नियम माझाच होता, हे मी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी ती खाट रिकामी दिसली. न सांगताच बाई निघून गेली होती. या रोगाची औषधे जन्मभर, रोज, न चुकता घ्यावी लागतात. ती थांबली की दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

एचआयव्ही आणि एड्ससंबंधीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधने आणि त्यांच्या वापराचे शिक्षण देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. आमच्याकडेही दोन दिवसांचा वर्ग ठरला. सिस्टर, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, सफाई करणाऱ्या बाया, सारे एका दालनात बसले. व्यवस्था पाहणारा म्हणून मी शेवटच्या बाकावर होतो.

शिकविणाऱ्या एक प्रौढ सिस्टर होत्या. या रोगाचा इतिहास सांगताना त्या १९८६ च्या मद्रासपाशी आल्या. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी जमविलेल्या रक्ताच्या नमुन्यांची तपासणी वेल्लोरला झाली आणि हा विषाणू भारतात आल्याचे प्रथमच सिद्ध झाले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे; मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका मराठी कुटुंबातल्या. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने केंद्र काढले आणि ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांच्यावर उपचार केले. आपल्याप्रमाणेच परमुलुखात वाढलेल्या त्या मराठी बाईचे नाव ऐकून मला प्रथम अभिमान वाटला. आणि मग निपाणीची बाई आठवली.

नंतर सिस्टर तपासणीकडे वळल्या. रुग्णाला आधी समजावून सांगावे, त्याची संमती घ्यावी, मगच रक्त घ्यावे. एका चाचणीवर विसंबून कोणालाही बाधित ठरवू नये. वेगवेगळ्या पद्धतींच्या तीन चाचण्या जुळल्या तरच तसे म्हणावे. निकाल त्याचा त्यालाच, एकांतात सांगावा. शिवाय लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात निकाल निर्दोष येतो, पण रक्तात विषाणू असतो.

एवढे सांगून त्यांनी विचारले, "वॉर्डात दहा रुग्ण आहेत. हातमोजे कोणासाठी घालाल?"

"तांबड्या खुणेच्या रुग्णासाठी," वॉर्डबॉय उत्तरला.

त्यावर मागच्या रांगेतली एक सफाईवाली हलकेच म्हणाली, "अम्मा, आम्हांला सुई टोचते ती कचऱ्याच्या पिशवीत. पिशवीवर खूण कोण काढतो?"

दालन क्षणभर स्तब्ध झाले. सिस्टर म्हणाल्या, "आज मला जे शिकवायचे होते ते हिनेच सांगितले."

मग त्यांनी तेच उलगडून दाखविले. प्रत्येकाचे रक्त सारखेच जोखमीचे मानावे, म्हणजे कोणाला काय झाले आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती जागच्या जागी पांढऱ्या, न भेदणाऱ्या डब्यात टाकावी. सुई टोचलीच तर बोट दाबू नये, तोंडात घालू नये. साबणाने व पाण्याने धुवावे आणि तत्काळ कळवावे. प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत, फार तर बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यावे. आणि भीतीचेही माप असावे. बाधित रक्ताची सुई टोचलेल्या हजारांतून सुमारे तिघांनाच ही लागण होते. उलट काविळीच्या 'ब' विषाणूची लागण, लस न घेतलेल्या शंभरांतून तीसपर्यंत लोकांना होऊ शकते. त्या काविळीसाठी मात्र आम्ही कोणाच्या कागदावर वर्तुळ काढले नव्हते.

त्या संध्याकाळी खोलीत बसून मी जुन्या फायली उघडल्या. वर्तुळाचा आदेश निघाला त्याच महिन्यात हातमोजे आणि सुयांचे डबे वाढवून मागणारी एक टिप्पणी माझ्याकडे आली होती. अंदाजपत्रकाकडे बोट दाखवून मी ती परत पाठविली होती. डब्यांना पैसे पडतात. तांबड्या शाईला काहीच पडत नाही. जे संरक्षण द्यावयास हवे होते ते मी दिले नाही आणि त्याच्या जागी एक खूण दिली. तिने सफाईवालीचा हात वाचला नाही, आणि एका बाईला खाटेवरून उठवून बाहेर घालविले.

दुसऱ्या दिवशी मी तो आदेश रद्द केला आणि डब्यांची मागणी मंजूर केली. अभिलेखागारातून त्या बाईचा केसपेपरही काढून आणविला. वर्तुळ खोडावे असे फार मनात आले. परंतु अभिलेखात फेरफार करू नये, हे आपण सारे नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकतो. शिवाय खोडल्याने माझेच समाधान झाले असते; तिची औषधे त्याने सुरू झाली नसती. तिने दिलेल्या पत्त्यावर, पाकिटावर रुग्णालयाचे नाव येऊ न देता, मी दोन ओळींचे पत्र लिहिले: खूण काढून टाकली आहे, परत यावे.

उत्तर आले नाही. तो कागद पुन्हा जागेवर ठेवून दिला. शाई अजून तांबडी आहे.