महाडहून लक्षद्वीपास : एका कौटुंबिक प्रवासाचा बेत

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आजवर ज्याला घरदार नाही अशा माणसाविषयी योजिली जात असे. हल्ली तीच स्थिती चैनीत गणली जाऊ लागली आहे. मोटारीच्या मागील अंगास शय्या, शेगडी, पाण्याची टाकी व शौचकूप बसवून जे फिरते घर तयार करतात, त्यास कॅरॅव्हॅन म्हणतात. या प्रवासप्रकारासाठी महाराष्ट्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र धोरण आखले व केरळानेही त्याच वर्षी तसा उपक्रम हाती घेतला. आमच्या घरातील तरुण मंडळींनी असे एक घर भाड्याने घेऊन सहकुटुंब लक्षद्वीपास जाण्याचा बेत काढला, आणि नकाशा व हिशेब हे खाते माझ्याकडे सोपविले. त्या हिशेबात ज्या गोष्टी निष्पन्न झाल्या, त्या इतर कुटुंबांसही उपयोगी पडाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वाटेचा विचार. बिरवाडीच्या बाजूस पसरलेल्या आमच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनांच्या टाक्या वाहणाऱ्या मालमोटारी ज्या राजमार्गावर येतात, तो पनवेलहून निघून थेट कन्याकुमारीपर्यंत, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटर जातो. पूर्वी यास क्रमांक १७ म्हणत, आता ६६ म्हणतात. कोची याच मार्गावर आहे. तेव्हा महाडकराने दारातून निघून, मार्ग न बदलता, लक्षद्वीपच्या बंदराशी पोहोचावे, इतकी ही वाट सरळ आहे. अंतर सुमारे १२०० किलोमीटर. पोलादपूर मागे टाकले की कशेडीचा घाट येतो. आता तेथे बोगदा झाल्यामुळे घाटातील वळणे टळतात, ही फिरत्या घरातील भांड्यांच्या दृष्टीने मोठीच सोय होय. पुढे खेड, चिपळूण, राजापूर, कुडाळ. मग गोवा, कारवार, होन्नावर, उडुपी, मंगळूर, कण्णूर, कोझिकोड. रोज २४० किलोमीटरांहून अधिक जाऊ नये असे मी ठरविले आहे. रात्री वाहन हाकू नये, हाही माझा आग्रह आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला व त्यात एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. ज्याने ते दिवस पाहिले त्यास हा आग्रह भित्रेपणाचा वाटणार नाही.

येणेप्रमाणे पाच दिवसांत कोची गाठता येते. तेथे विलिंग्डन बेटावरून लक्षद्वीपची जहाजे सुटतात. बंदर खोल करताना निघालेल्या गाळावर रचलेले हे कृत्रिम बेट पुलाने भूमीशी जोडलेले आहे. आमचे फिरते घर संबंध प्रवासात ज्या बेटावर चढू शकते, असे बेट हे एवढेच! पुढील जहाजे माणसांची आहेत. त्यांत आपली मोटार घालून नेण्याची सोय नाही. हे कळताच नातवंडांची तोंडे उतरली.

परंतु मला विचाराल तर ही सोय नाही हेच योग्य आहे. 'द्वीप' या शब्दात 'द्वि' आणि 'अप्' असे दोन अवयव आहेत. ज्याच्या दोहो बाजूंस पाणी, ते द्वीप. नावात लक्ष असली तरी प्रत्यक्षात ही बेटे ३६ मोजतात, आणि वस्ती १० बेटांवर. सर्वांची भूमी मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या महाड तालुक्याच्या पासंगासही न पुरणारी. तीवर २०११ च्या शिरगणतीत ६४,००० हून अधिक माणसे होती. अगत्ती बेट रुंद असे कोठे म्हणावे तर तेथेही ते जेमतेम किलोमीटरभर. अशा ठिकाणी फिरते घर फिरणार तरी कोठे?

याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी पोवळ्यांच्या वाळूत मुरते, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकाराचा पातळ थर होऊन तरंगत राहते. विहिरीतून तेच काढावयाचे. बेताने काढले तर गोड. उपसा अधिक झाला की खालचे खारे पाणी वर येते. शिवाय सांडपाणी व मैला मुरतो तोही त्याच वाळूत. कवरत्ती येथे २००५ साली समुद्राच्या खोल भागातील थंड पाण्याच्या साहाय्याने खाऱ्याचे गोडे पाणी करण्याचा कारखाना उभारावा लागला, त्याचे कारण हेच. आता असे पाहा, की फिरत्या घराची टाकी रोज भरावी लागते व मैल्याचे पात्र रोज कोठेतरी रिते करावे लागते. अशी दहा घरे एका बेटावर उतरली तर त्यांनी पाहुणचार घेतला म्हणावा की विहीर नासली म्हणावी?

दुसऱ्याच्या वाट्याच्या पाण्याचा विचार महाडकरांनी तरी करावा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्यानंतर आमच्याच लोकांनी पंचगव्याच्या घागरी ओतून त्या तळ्याची 'शुद्धी' केली. आमच्या घरांत हे पान भरभर उलटण्याची चाल आहे. ती मला पसंत नाही. असो.

तेव्हा घर कोचीस ठेवावे व माणसांनी पुढे जावे, हा निर्णय झाला. आता काळ कोणता? मुलांस मेची सुटी सोयीची. परंतु मेच्या उत्तरार्धात तिकडील समुद्र खवळू लागतो, आणि परतताना आमच्या घाटांत पावसाने दरडी कोसळण्याचा संभव असतो. नाताळच्या सुटीत समुद्र शांत असतो, पण दिवस थोडे. जाण्यास पाच, बेटांचे पाच, येण्यास पाच आणि हवा वा जहाज यांच्या लहरीसाठी तीन, असे अठरा दिवस हवेत. ते दिवाळीच्या सुटीतच बसतात. मुलाला कारखान्यातून रजाही तेव्हाच मिळते. त्या सुमारास केरळात परतीचा पाऊस असतो, म्हणून ते तीन दिवस कोणी कितीही गळ घातली तरी काटावयाचे नाहीत.

खरी अडचण निराळीच होती. फिरत्या घराची कल्पना मूळ निघाली ती आमच्या कुटुंबाच्या गुडघ्यांसाठी. उतारूगृहांचे जिने नकोत, आपली शय्या आपल्याबरोबर असावी, एवढाच हेतू. आणि ज्यांच्यासाठी सारा थाट, त्यांनाच शेवटचे पाऊल अवघड! कित्येक बेटांशी मोठे जहाज पोवळ्यांच्या बांधाबाहेर उभे राहते व प्रवाशांस हेलकावणाऱ्या लहान होडीत उतरावे लागते. दोन खलाशी दंड धरतात, परंतु क्षण साधून पाऊल आपणच टाकावयाचे असते. हे मी त्यांस स्पष्ट सांगितले व कोचीसच घरात राहण्याचा पर्यायही सुचविला. त्या म्हणाल्या, "२०२१ च्या जुलैत घरात पाणी शिरले, तेव्हा मला होडीत घालून बाहेर काढले. ती होडी मी मागितली नव्हती. आता एकदा हौसेने बसू द्या." यावर मजजवळ उत्तर नव्हते. तूर्त त्या रोज सकाळी पायरीवर चढउताराचा सराव करीत आहेत आणि वैद्याने गुडघा पाहून जो निर्णय द्यावयाचा तो दिवाळीपूर्वी एक महिना घेण्याचे ठरले आहे.

प्रवेशाचा परवाना मात्र प्रत्येकास हवा. आपल्याच देशात जावयाचे असूनही तेथील मूळ रहिवाशांखेरीज सर्वांस तो घ्यावा लागतो, आणि त्यासाठी वर्तणुकीविषयी पोलिसांचा दाखला लागतो. आमच्या आजोबांच्या काळी समुद्रगमन कलिवर्ज्य म्हणून पंचांची संमती लागे. त्या मानाने हा दाखला सोपा. शिवाय थोड्या लोकसंख्येच्या ठिकाणी कोणी कोठे किती जावे, याला मर्यादा असावी हे मला रास्तच वाटते.

तेथील वस्ती बहुतेक मुसलमान आहे, भाषा मलयाळम. सर्वांत दक्षिणेकडील मिनिकॉय बेटावर मात्र महल नावाची निराळी भाषा व उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी लिपी आहे. तेथील १८८५ चा दीपस्तंभ नातवंडांस दाखवावयाचा आहे. लिपी मला पाहावयाची आहे. खाणे मुख्यतः मासे, नारळ व भात. शाकाहारी मंडळींनी भात-नारळावर समाधान मानावे. मेतकूट, लोणचे व भाजणी बरोबर घ्यावी, आणि यजमानांच्या ताटाकडे पाहून नाक मुरडू नये. पोवळ्याचा तुकडा मेलेला असला तरी उचलून आणू नये. तो कायद्याने गुन्हा आहे.

सामानाचा निर्णय सूनबाईंनी केला. कोचीपर्यंत फिरत्या घरात काय वाटेल ते घ्या. जहाजावर मात्र माणशी एकच पिशवी, आणि ती ज्याची त्याने स्वतः उचलावयाची. माझ्या पिशवीतून त्यांनी दोन ग्रंथ काढून ठेवले. नकाशा तेवढा राहू दिला आहे.