रावसाहेबांची बाग आणि त्यांचा नॉमिनी

मी बडोद्याचा. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात साताऱ्याकडून इथे कारकुनीला आले, तेव्हापासून आम्ही दांडिया बाजारच्या आसपासचेच. बँकेत ३७ वर्षं काढून निवृत्त झालो. आज लिहितोय ते मात्र ना बँकेबद्दल, ना गायकवाडीबद्दल. लिहितोय कासवाबद्दल. वय ७४, आणि रोज सकाळी चहाच्या आधी मी एका कासवासाठी दूर्वा कापतो.

आधी कायद्याचं सांगतो, जुनी सवय आहे. आपल्याकडे पूर्वी काही घरांत पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव असायचं. ते पाळणं गुन्हा आहे. कायदा १९७२ चा, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कुणाकडे असलंच तर वनखात्याला कळवा. पुण्य लागेल म्हणून नदीत किंवा तलावात सोडू नका. ते जमिनीवरचं कासव, त्याला पोहता येत नाही, बुडून मरतं.

आमचे रावसाहेब परदेशी. सल्काटा जातीचे, मूळ गाव सहारा वाळवंटाची दक्षिणेकडची कड. नातवाच्या मित्राच्या घरी अंड्यातून निघालेलं तळहाताएवढं पिल्लू २०१७ साली आमच्याकडे आलं. २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राण्यांची माहिती आपणहून जाहीर करायची सवलत दिली तेव्हा आम्ही ती दिली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदही केली. केवायसी पूर्ण. मग नातू शिकायला कॅनडाला गेला आणि "आबा, तुम्ही बघाल ना?" म्हणाला. आज रावसाहेब ११ किलोंचे आहेत. या जातीचं कासव ४०-५० किलोंचं सहज होतं आणि पन्नास वर्षांच्या पुढे जगतं.

आमच्या पोळात लहानपणी मी जी कासवं पाहिली ती मोरीत, गुळगुळीत दगडावर फिरायची. खायला काय, तर दूध-पोळी, भात, पाव, केळं. माणसं प्रेमळ होती, पण त्या कासवांच्या पाठी मऊ पडायच्या, पाय वाकडे व्हायचे, आणि चार-पाच वर्षांत प्राणी जायचा. लोक म्हणायचे, आयुष्य संपलं. आयुष्य संपलेलं नसायचं, त्याला कॅल्शियम मिळालेलं नसायचं आणि ऊनही मिळालेलं नसायचं.

सल्काटाच्या खाण्यात पाऊण हिश्शाहून जास्त गवतच हवं. आणि गवतात उत्तम कोणतं? आपली हरळी, म्हणजे दूर्वा! गणपतीला वाहतो ती. शिवाय जास्वंदीची फुलं आणि पानं दोन्ही चालतात. ही म्हणते, गणपतीची निम्मी पूजा रावसाहेबांच्या पोटात जाते. आपल्या देवळांत सभामंडपाच्या फरशीवर कासव कोरलेलं असतं, त्याला ओलांडून गाभाऱ्यात जातो. आमच्याकडे ते जिवंत आहे आणि नैवेद्य मागतं, एवढाच फरक.

लागवड अवघड नाही. भाजीवाल्यांचे प्लास्टिकचे जुने सात क्रेट आणले, तळाला गोणपाट, वर माती. हरळीची पेरं असलेली कांडं खोचली, रोज पाणी. प्रत्येक क्रेटचा एक वार ठरलेला. सोमवारचा क्रेट कापला की पुढच्या सोमवारपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एकाच खात्यातून रोज पैसे काढले तर शिल्लक राहत नाही, तसंच हे. थंडीत हरळी सुस्तावते, तेव्हा वाळलेलं गवत पाण्यात भिजवून देतो.

बाकीचं सांगतो. जास्वंद आणि तुती फांदीवरून लागते, पेन्सिलीएवढी जाड काडी पावसाळ्याच्या तोंडाला खोचायची. शेवग्याचा पाला आणि लसूणघास (इथला रजको) थोडाच, लसूणघासात प्रथिनं फार. निवडुंगही चालतो, पण फड्या निवडुंग, गुजरातीतला हाथलो थोर. त्याचं पान तोडून आठवडाभर सावलीत जखम वाळू द्यायची, मग लावायचं. देताना काटे आणि बारीक कुसळं जाळून काढायची. तीन-चार धारांचा, तोडला की पांढरा चीक येणारा निवडुंग चुकूनही देऊ नका, तो विषारी.

कुंपणाकडेही लक्ष हवं. कण्हेर, घाणेरी, रुई, धोत्रा यांतलं काहीही कासवाच्या तोंडाजवळ नको. मनी प्लांट आणि अळू यांनी तोंड आणि घसा खाजून सुजतो. पालक आणि चुका आपल्याला चांगले, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. जमेच्या बाजूला रक्कम दिसते, पण उचलता येत नाही. हिशेब साधा आहे, खाण्यात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम हवं. नर्सरीतून आणलेलं रोप लगेच देत नाही, कारण कीटकनाशक मुळातून शोषलेलं असतं. माती बदलायची, दोन-तीन महिने ठेवायचं, जुनी पानं काढून टाकायची, मगच नवी पालवी द्यायची.

आता खालची जमीन. हे खाण्याइतकंच महत्त्वाचं, पण इथे लोक सर्वांत कमी विचार करतात. वाळवंटातला प्राणी म्हणून पिल्लाला कोरडी वाळू किंवा वर्तमानपत्र घालतात. वाळू खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात. आणि वाळवंटातलं पिल्लू उन्हात बसून राहत नाही, ते बिळात जातं, आणि बिळात ओल असते. २००३ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांचा याच जातीच्या पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पाठीवर जे पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, ते जास्त प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेमुळे येतात, असं त्यात दिसलं.

म्हणून रावसाहेब लहान असताना त्यांच्या पेटीत बागेतली खत न घातलेली माती आणि धुतलेलं कोकोपीट निम्मं-निम्मं, चार बोटं जाड घातलं होतं. ओल किती? मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. ओल खालच्या थरात, वरचा थर कोरडासा, नाहीतर पोटाखालच्या कवचाला बुरशी धरते. गोटे, देवदाराचा भुसा नको. आता ते अंगणात मातीवर असतात, फक्त थंडीच्या रात्री आत, हीटर लावलेल्या खोक्यात. आणि हो, ही जात बीळ खणते! भिंतीचा पाया पोखरू नये म्हणून कडेने कोटा स्टोनच्या फरश्या उभ्या पुरल्या आहेत.

एवढं सगळं बसलं, आणि गेल्या वर्षी वाड्याचा सौदा ठरला. तिघा भावांचा वाडा, कोणाचंच वय आता जिना चढायचं नाही, मुलं पुणे-बंगळुरूला. निर्णय बरोबरच आहे. मला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक बाल्कनी मिळेल. रावसाहेबांना?

एकाने फोनवर चांगली रक्कम देऊ केली. त्याचं घर विचारलं तर नवव्या मजल्यावर. मी नमस्कार करून फोन ठेवला. माझी पुतणी पादऱ्याला शेती करते. ती म्हणाली, "काका, मी सांभाळते, याला काय काय लागतं ते लिहून द्या." मी म्हटलं, "लिहून देतोच, पण आधी झाडं नेऊन लाव." बँकेत तारण पाहिल्याशिवाय आम्ही कर्ज देत नसू, आणि हे तर पन्नास वर्षांचं कर्ज. आषाढात तिने तुती, जास्वंद आणि फड्या लावला, हरळी तिच्या बांधावर होतीच. जमिनीचा एक कोपरा औषध न फवारता राखला आहे. मी दोनदा जाऊन पाहून आलो. थंडी सरली की फाल्गुनात रावसाहेब पादऱ्याला जातील, नोंदही तिच्या नावावर होईल. नातवाला व्हिडिओवर सगळं दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आबा, क्रेट पण पाठवा." पाठवणार आहे, सातही.

कासव कमी खर्चाचं, आवाज न करणारं, म्हणून घ्यावं असं कुणाच्या मनात असेल तर माझा हिशेब एवढाच आहे. त्याच्या पाल्याची आणि मातीची सोय आज, आणि आपल्या पश्चात कोण हे नाव आजच. दोन्ही नसेल तर घेऊ नये.

बडोद्यात कुणाला तुतीच्या काड्या किंवा फड्याची पानं हवी असतील तर सांगा, वाडा रिकामा व्हायच्या आत देऊन टाकीन. कासव पाळणार नसलात तरी चालेल, तुतीची फळं माणसांनाही आवडतात.